अनिच्कोव यांचे ससे

कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट घेऊन ओपीडीत आलेला माणूस हमखास विचारतो, डॉक्टर, अंड्यातला बलक खाऊ की टाकून देऊ? या प्रश्नाचं मूळ शंभर वर्षांपूर्वीच्या रशियात आहे.

निकोलाय अनिच्कोव यांचा जन्म १८८५ मध्ये सेंट पीटर्सबर्गला झाला. तिथल्याच लष्करी वैद्यकीय अकादमीतून ते डॉक्टर झाले. त्या काळी इग्नाटोव्स्की यांनी सशांना मांस, दूध, अंडी खाऊ घातली होती आणि त्यांच्या धमन्या बिघडल्या होत्या. दोष प्रथिनांवर गेला. तरुण अनिच्कोव आणि त्यांचे विद्यार्थी खालाटोव यांनी वेगळी शंका धरली. शुद्ध कोलेस्टेरॉल सूर्यफुलाच्या तेलात विरघळवून त्यांनी ते सशांना दिलं. तुलनेसाठीच्या सशांना नुसतं तेल. तेलवाल्या सशांच्या धमन्या स्वच्छ राहिल्या. कोलेस्टेरॉलवाल्यांच्या महाधमनीत चरबीचे थर साचले, अगदी माणसाच्या शवविच्छेदनात दिसतात तसे. हे १९१३ मध्ये छापून आलं, तेही जर्मन भाषेत, म्हणजे तेव्हाच्या वैद्यकाच्या मुख्य भाषेत.

तरी फारसं कुणी मनावर घेतलं नाही. इतरांनी उंदीर आणि कुत्र्यांवर तोच प्रयोग केला, तर काहीच झालं नाही. हे प्राणी जादा कोलेस्टेरॉलचं पित्ताम्लांत रूपांतर करून ते बाहेर टाकतात. शाकाहारी सशाला ते तितकंसं जमत नाही. मग ठरलं, की हा सशांचाच विक्षिप्तपणा, माणसाच्या धमन्या म्हातारपणामुळे कडक होतात. पुढे अनिच्कोव सोव्हिएत वैद्यकीय अकादमीचे अध्यक्ष झाले. पण त्यांच्या या कामाकडे पाश्चात्त्य जगाचं खरं लक्ष गेलं ते १९५० च्या सुमारास, कॅलिफोर्नियात जॉन गॉफमन यांनी रक्तातले कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण वेगळे केल्यावर.

माणूस ससा नाही आणि उंदीरही नाही. आपलं बहुतांश कोलेस्टेरॉल शरीरच तयार करतं. त्यामुळे बऱ्याच जणांच्या रक्तात एका बलकापेक्षा तूप, लोणी, साय, पामतेल यांतल्या संपृक्त चरबीचा परिणाम जास्त दिसतो. अनिच्कोव यांनीही सगळं खापर एकट्या आहारावर फोडलं नव्हतं. रक्तदाबासारखी कारणंही ते मोजत. मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्यांनी मात्र बलकाचं प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

१९६४ च्या डिसेंबरात अनिच्कोव गेले. निदान होतं हृदयविकाराचा झटका.