मीर सुलतान खान

मलिक मीर सुलतान खान (जन्म: इ.स. १९०५च्या सुमारास, खुशाब परिसर, पंजाब, ब्रिटिश भारत, मृत्यू: २५ एप्रिल १९६६, सरगोधा, पाकिस्तान) हे बुद्धिबळपटू होते. जेमतेम पाच वर्षांच्या आंतरराष्ट्रीय कारकिर्दीत त्यांनी तीन वेळा ब्रिटिश अजिंक्यपद पटकावले.

प्रारंभीचे जीवन

सुलतान खान लहानपणी वडिलांकडून भारतीय पद्धतीचे बुद्धिबळ शिकले. त्या पद्धतीत प्याद्याला पहिल्या चालीत दोन घरे पुढे जाता येत नसे आणि किल्लेकोटाचा आजचा नियमही नव्हता. पंजाबमधील जमीनदार सर उमर हयात खान यांनी त्यांना आश्रय दिला व युरोपीय नियमांचे शिक्षण देवविले. १९२८ मध्ये ते अखिल भारतीय विजेते ठरले. पुढील वर्षी आश्रयदात्यासोबत ते लंडनला गेले आणि त्याच वर्षी ब्रिटिश विजेते झाले.

कापाब्लांकावरील विजय

१९३०-३१च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्यांची गाठ माजी जगज्जेते होसे राउल कापाब्लांका यांच्याशी पडली. त्या काळी एलो गुणांकन नव्हते. तरीही कापाब्लांका यांचे पारडे निर्विवादपणे जड होते. पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळताना सुलतान खान यांनी वजीर देऊन त्याच्या बदल्यात दोन्ही हत्ती मिळविले. त्यानंतर घाई न करता पकड आवळत त्यांनी ६५ चालींत डाव जिंकला. या स्पर्धेत माक्स युवे व कापाब्लांका यांच्यामागोमाग ते तिसरे आले.

उत्तरायुष्य

१९३२ व १९३३ मध्ये ते पुन्हा ब्रिटिश विजेते झाले. १९३०, १९३१ व १९३३च्या ऑलिंपियाडमध्ये ते ब्रिटिश संघाकडून पहिल्या पटावर खेळले. १९३३च्या अखेरीस आश्रयदाते मायदेशी परतले, तेव्हा सुलतान खान यांनाही परतावे लागले. खेळ ऐन बहरात असताना त्यांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द अशा रीतीने संपुष्टात आली. १९३५ मध्ये व्ही. के. खाडिलकर यांच्याविरुद्धच्या दहा डावांच्या सामन्यात त्यांनी केवळ एक डाव बरोबरीत सोडला व उरलेले सर्व जिंकले. त्यानंतर मात्र ते स्पर्धात्मक बुद्धिबळापासून दूर झाले.

सन्मान

ग्रँडमास्टर हा किताब जागतिक बुद्धिबळ महासंघाने १९५० मध्ये अधिकृतपणे सुरू केला. तोवर सुलतान खान यांनी खेळ सोडला होता. महासंघाने २०२४ मध्ये त्यांना मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर किताब दिला.