सरफोजी राजे : वास्तूंतून उरलेले राज्य

शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी राजे यांनी तंजावरास मराठी राज्य स्थापिले. त्याच भोसले घराण्यात १७७७ साली सरफोजी राजांचा जन्म झाला. १७८७ साली तुळजाजी राजांनी त्यांस दत्तक घेतले. परंतु तुळजाजींच्या पश्चात गादी अमरसिंहांकडे गेली आणि बालराजाचे जीवितही सुरक्षित राहिले नाही. श्वार्ट्झ या जर्मन धर्मोपदेशकाच्या छत्राखाली त्यांचे शिक्षण झाले. १७९८ साली गादी लाभली खरी, पण पुढच्याच वर्षीच्या तहाने मुलूख कंपनी सरकारकडे गेला. राजांच्या हाती उरला तो तंजावरचा किल्ला आणि भोवतालचा थोडा परिसर.

सत्ता गेलेल्या या राजाने उरलेले आयुष्य विद्या आणि वास्तू यांस वाहिले. १८०३ साली बृहदीश्वर मंदिराच्या भिंतींवर त्यांनी भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरविला. चोळांच्या मंदिराची मोडतोड न करता त्याच्या अंगावर मराठी स्मृती जपली गेली. नायक राजांपासून चालत आलेला सरस्वती महाल त्यांनी काशीयात्रेसह अनेक मार्गांनी मिळविलेल्या पोथ्यांनी समृद्ध केला. १८०५ च्या सुमारास देवनागरी छापखाना काढला. ओरत्तनाड येथील मुक्तांबाळ छत्रात वाटसरूंस अन्न व मुलांस विद्या मिळू लागली. समुद्रकाठचा मनोरा मात्र आम्हांस विचारात पाडतो : ज्यांनी राज्य घेतले, त्याच इंग्रजांच्या नेपोलियनावरील विजयाचे ते स्मारक आहे.

१८३२ साली राजे निवर्तले व १८५५ साली संस्थान खालसा झाले. मंदिरास १९८७ साली जागतिक वारशाचा मान मिळाला. सरस्वती महाल १९१८ पासून सर्वांस खुला आहे; अभ्यासकांचा राबता असल्याने तो जिवंत राहिला. छत्राच्या वाट्यास मात्र उपेक्षेची दीर्घ वर्षे आली, कारण पंगती उठल्या आणि पाठशाळा थांबली.

स्वप्रांतापासून दूर राहणाऱ्या आम्हां मंडळींस यातून एक गोष्ट उमगते. वास्तूस चुना-विटांची डागडुजी हवीच. पण तिचे खरे रक्षण तिच्यात नित्य चालणाऱ्या कार्याने होते. सुवर्णमहोत्सवाच्या या वर्षी तंजावरास जाणाऱ्या प्रत्येकाने मंदिराच्या त्या भिंतीपाशी थांबावे, मग छत्रही पाहावे आणि आपल्या गावातील जुन्या वास्तूत आज कोणते कार्य चालते, याचा विचार करावा, अशी आमची विनंती आहे.