खडकात सापडलेल्या गोगलगायी आणि महापूर : नागपूरच्या स्टीफन हिस्लॉपची गोष्ट

डायनासोरची हाडं म्हणजे जगबुडीचा पुरावा, अशी रील तुमच्याही फीडमध्ये आली असेल. पूर आला, सगळे प्राणी बुडाले, गाळात दाबले गेले आणि त्यांचे जीवाश्म झाले, असा दावा त्यात असतो. हा वाद काही इन्स्टाग्रामने सुरू केलेला नाही, तो २०० वर्षांपासून चालू आहे. आणि त्याचा निकाल लावायला मदत करणारे काही दगड आपल्याच महाराष्ट्रात सापडले. ते शोधणारा माणूस कोण? तर बायबल शिकवायला आलेला एक पाद्री!

नंदुरबार तालुक्यातल्या कोरीटपासून थेट नागपूरपर्यंत जमिनीखाली एकच काळा दगड पसरलेला आहे. विहीर खणणाऱ्यांना तो चांगलाच ठाऊक असतो. हा बेसॉल्ट, म्हणजे थंड झालेला लाव्हा. एकावर एक अशा कितीतरी थरांनी दख्खनचं पठार बनलं. नागपूरजवळ त्याची पूर्वेकडची कड येते, म्हणून तिथे लाव्हाही दिसतो आणि त्याच्या खालचे जुने खडकही. हिस्लॉप नेमके तिथे येऊन पोचले.

स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधल्या डन्स या गावचा. १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडली आणि फ्री चर्च वेगळं झालं. हिस्लॉप त्या नव्या चर्चचे मिशनरी. १८४५ च्या सुरुवातीला ते नागपुरात आले, तेव्हा तिथे भोसल्यांची गादी होती. ते मराठी शिकले, त्यांनी शाळा काढली. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजचं नाव त्यांच्यावरूनच पडलंय.

त्यावेळी युरोपात काय चाललं होतं, तेही बघायला हवं. ऑक्सफर्डचे विल्यम बकलंड यांनी १८२३ मध्ये गुहांमधली हाडं नोहाच्या पुराशी जोडली होती. पुढे खडक नीट तपासल्यावर त्यांनीच ते मत सोडून दिलं. केंब्रिजच्या अॅडम सेजविक यांनी तर १८३१ मध्ये आपली चूक जाहीरपणे मान्य केली. गंमत म्हणजे हे दोघेही धर्मगुरूच होते. त्यामुळे ‘विज्ञानवाले विरुद्ध देव मानणारे’ अशी सरळ मारामारी तेव्हा नव्हतीच.

हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर फिरता फिरता दगड गोळा करायचे. नागपूरजवळच्या टाकळीत त्यांना लाव्हाच्या थरांमध्ये दाबलेला गाळ दिसला. त्यात गोगलगायींचे शंख, बिया, फळं, अगदी भुंग्यांचे पंखसुद्धा. शहराच्या मधोमध असलेल्या सीताबर्डीच्या टेकडीतही तेच : खाली लाव्हा, मध्ये गाळ, वर पुन्हा लाव्हा.

आता महत्त्वाचा मुद्दा. हे शंख समुद्रातले नव्हते, तळ्यातल्या गोड्या पाण्यातले होते. सगळी पृथ्वी बुडवणारा पूर आला असता, तर समुद्रातले आणि जमिनीवरचे जीव एकाच गाळात मिसळलेले दिसले असते. इथे चित्र वेगळंच आहे. लाव्हा आला, थंड झाला. त्यावर तळं साचलं, काठावर झाडं वाढली, गोगलगायींच्या पिढ्या जगल्या आणि मेल्या. मग पुन्हा लाव्हा आला. एका वर्षाच्या पुरात हे कसं बसवणार?

हिस्लॉप आणि हंटर यांनी १८५५ मध्ये नागपूर परिसराच्या भूगर्भावर लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात निबंध लिहिला. त्यात हा गाळ गोड्या पाण्याच्या सरोवराचा ठरवला. त्यांचं सगळंच बरोबर निघालं असं नाही. या थरांचं वय त्यांनी कमी धरलं होतं. आज ते साधारण साडेसहा कोटी वर्षं मानतात, म्हणजे डायनासोर संपले त्याच्या आसपासचा काळ.

दक्षिणेकडच्या मांगलीहून त्यांनी मिळवलेली एक कवटी लंडनला रिचर्ड ओवेन यांच्याकडे गेली. ‘डायनासोर’ हा शब्द बनवणारे हेच ओवेन. त्यांनी १८५५ मध्ये तिला ‘ब्रॅकिऑप्स’ नाव दिलं. हा डायनासोर नव्हे, त्याच्याही कितीतरी आधीचा उभयचर. म्हणजे मांगलीच्या थरात डायनासोरपूर्वीचा जीव आणि टाकळीच्या थरात डायनासोर संपतानाच्या गोगलगायी. एकाच पुरात बुडाले असते तर असे वेगवेगळ्या थरांत कसे सापडले असते?

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याहूनही हिस्लॉप यांनी जीवाश्म गोळा केले. तिथल्याच हाडांवरून रिचर्ड लायडेकर यांनी १८७९ मध्ये टायटॅनोसॉरस या अजस्त्र डायनासोरच्या एका जातीचं वर्णन केलं. ते वाचायला हिस्लॉप हयात नव्हते.

४ सप्टेंबर १८६३. टाकळघाटची प्राचीन दगडी वर्तुळं पाहायला हिस्लॉप हे रिचर्ड टेंपल यांच्यासोबत गेले होते. बोरीची शाळा बघून रात्री परतताना वाटेतल्या ओढ्याला पूर आला होता. घोडा एकटाच छावणीत पोचला. शोध घेतल्यावर हिस्लॉप यांचा मृतदेह सापडला. पंचेचाळीस वर्षांचे होते, चार दिवसांनी वाढदिवस होता.

गोंड आणि इतर आदिवासींवरची त्यांची टिपणं टेंपल यांनी १८६६ मध्ये छापून काढली. ‘हिस्लोपाइट’ या हिरवट कॅल्साइटला आणि ‘हिस्लोपिया’ या गोड्या पाण्यातल्या सूक्ष्म जीवाला त्यांचं नाव आहे.

आणि पिसदुरा? २००५ मध्ये लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या जीवाश्म झालेल्या शेणाचे तुकडे तपासले. हे शेण बहुधा टायटॅनोसॉरचंच. त्यात गवताचे सूक्ष्म कण निघाले. तोवर गवत डायनासोरनंतरच पसरलं असं मानलं जायचं. विदर्भातले डायनासोर मात्र ते आधीच चरत होते.