स्वतःचा कॅमेरा स्वतःच बनवणारा माणूस : बाबुराव पेंटर

नवीन फोन घेताना आपण आधी काय बघतो? कॅमेरा किती मेगापिक्सेलचा आहे, व्हिडिओ किती एफपीएसने निघतो, हेच ना! आज ज्या माणसाबद्दल लिहितोय त्याच्याकडे घ्यायला कॅमेराच नव्हता. म्हणून त्याने तो बनवला. तोही कोल्हापुरात, शंभर वर्षांपूर्वी.

मी मानवतचा. आमच्याकडे कापसाच्या हंगामात जिनिंगच्या मशिनचा एखादा पार्ट मोडला, तर बाहेरून मागवायच्या आधी लोक लेथवाल्याकडे धाव घेतात. त्यामुळे बाबुरावांची गोष्ट मला परकी वाटत नाही.

त्यांचं खरं आडनाव मेस्त्री. जन्म 3 जून 1890 चा, कोल्हापूरचा. वडील कृष्णराव हाताचे कारागीर. बाबुरावांचं शालेय शिक्षण फारसं झालं नाही. चित्रकला, शिल्पकला, लाकूडकाम, लोखंडकाम सगळं बघून आणि करून शिकले. नात्याने भाऊ लागणारे आनंदराव आणि ते मिळून नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. राजवाडा, जंगल, नदी असं हुबेहूब रंगवायचे की 'पेंटर' हेच त्यांचं आडनाव होऊन बसलं.

1913 मध्ये दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला आणि हे दोघे सिनेमाच्या नादी लागले. त्यांनी एक जुना प्रोजेक्टर मिळवला. पण त्यांना नुसते खेळ दाखवायचे नव्हते, सिनेमा काढायचा होता, आणि परदेशी कॅमेरा खिशाला झेपणारा नव्हता.

इथे जरा टेक्निकल गोष्ट समजून घेऊ. प्रोजेक्टर आणि कॅमेरा आतून जवळपास सख्खे भाऊ. एकात उजेड आतून बाहेर जातो, दुसऱ्यात बाहेरून आत येतो. दोन्हीचा जीव एकाच गोष्टीत आहे: फिल्म सरळ धावत नाही, ती थांबत थांबत पुढे सरकते. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण 16 वेळा. फिल्म थांबली की शटर उघडतं, एक फोटो उमटतो. शटर बंद झालं की एक नखासारखा आकडा फिल्मच्या कडेच्या भोकात अडकतो आणि तिला बरोबर एक घर पुढे ओढतो. घरातलं शिलाई मशीन बघा. सुई कापडात असते तेव्हा कापड थांबतं, सुई वर गेली की सरकतं. फ्रान्सच्या लुई ल्युमिएरला आपल्या यंत्राची युक्ती शिलाई मशीनवरूनच सुचली होती.

ऐकायला सोपं वाटतं, पण मेख पुढे आहे. ते एक घर केसभर जरी कमीजास्त झालं तर पडद्यावर चित्र थरथरतं. शटर जरा उशिरा मिटलं तर चित्र फराटतं. फोनमध्ये हे सगळं सेन्सर आणि चिप करते, हलणारा शटर लागत नाही. बाबुरावांना हे पितळ-लोखंडाच्या तुकड्यांतून, कानसने घासून जमवायचं होतं.

त्यातच 1916 मध्ये आनंदराव वारले. यंत्राचा नाद दोघांचा होता, त्यातला एक गेला. बाबुरावांनी मात्र काम सोडलं नाही. विष्णुपंत दामले हा शिष्य सोबतीला घेतला आणि 1918 च्या सुमारास कॅमेरा चालू झाला.

त्याच कॅमेऱ्यावर त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने 'सैरंध्री' काढला. 1920 मध्ये तो पुण्याच्या आर्यन थिएटरात लागला. कीचकवधाचा प्रसंग इतका खरा वाटला म्हणे की त्याला कात्री लावावी लागली. लोकमान्य टिळकांनी बाबुरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली. फाळक्यांना पहिल्या सिनेमात बाईची भूमिका पुरुषाला द्यावी लागली होती; इथे बायकांची कामं बायकांनीच केली. आणखी एक गंमत: उभी हयात पडदे रंगवलेल्या माणसाने सिनेमातून रंगवलेले पडदे काढून टाकले आणि खोली असलेले सेट उभे केले. 1923 च्या 'सिंहगड'मध्ये रात्रीच्या प्रसंगांसाठी विजेचे दिवे वापरले. तोपर्यंत सगळा कारभार उन्हावर चालायचा!

माझ्या मते त्यांचं सर्वांत मोठं काम मात्र 1925 चा 'सावकारी पाश'. देवादिकांच्या कथा गर्दी खेचत असताना या माणसाने कर्जात बुडून जमीन गमावणारा शेतकरी पडद्यावर आणला. तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत होते व्ही. शांताराम. परभणी जिल्ह्यात बसून या सिनेमाची गोष्ट वाचताना तो जुना वाटत नाही, एवढंच सांगतो.

पुढे कंपनीत कुरबुरी वाढल्या. 1929 मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर हे तयार गडी बाहेर पडले आणि त्यांनी 'प्रभात' काढली. तीन वर्षांत त्याच प्रभातने 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट आणला. गुरूची मूकपटांची कंपनी मात्र बंद पडली. बाबुरावांनी नंतर बोलपट केले, 1936 मध्ये 'सावकारी पाश' पुन्हा आवाजासह काढला, पण पहिली पकड परत आली नाही. त्यांचा ओढा चित्रं आणि पुतळ्यांकडेच राहिला. 16 जानेवारी 1954 रोजी ते गेले.

आता तुम्ही यूट्यूबवर 'सैरंध्री' शोधाल. नाही मिळणार. त्या काळची फिल्म नायट्रेटची असायची, ती लवकर पेट घेते आणि पेटली नाही तरी वर्षानुवर्षे सडत जाते. 'सैरंध्री' गेला, 1925 चा 'सावकारी पाश'ही गेला. 1924 च्या 'कल्याण खजिना'चं त्यांनी केलेलं पोस्टर मात्र उरलंय, आणि भारतीय सिनेमाचं उपलब्ध असलेलं सर्वांत जुनं पोस्टर म्हणून तेच दाखवलं जातं.