ज्ञानकोशकार डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर : माहिती सापडावी म्हणून झटलेला माणूस



आज आपण ज्ञानकोशकार डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या जीवनाची ओळख करून घेऊ. केतकरांवर निबंध लिहायला सांगितला की मुलं जन्म, शिक्षण, ग्रंथ आणि मृत्यू एवढं लिहून मोकळी होतात. या लेखात त्यांच्या कामाची एक बाजू जरा जास्त उलगडून सांगायची आहे. माहिती नुसती गोळा करून भागत नाही, शोधणाऱ्याला ती सापडलीही पाहिजे. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अनेक शाळांनी आणि शिक्षकांनी आता स्वतःच्या वेबसाइट काढल्या आहेत. त्यांवर स्वाध्याय आहेत, गावाचा इतिहास आहे, प्रयोगांचे फोटो आहेत. पण शेजारच्या तालुक्यातल्या पालकाने गुगलवर शोधलं तर यातलं बरंचसं वर येतच नाही. केतकरांच्या समोरचा प्रश्न याच जातीचा होता, फक्त त्यांच्या हातात संगणक नव्हता.

केतकरांचा जन्म २ फेब्रुवारी १८८४ रोजी रायपूर येथे झाला. शालेय शिक्षण अमरावतीत झाले आणि पुढे ते मुंबईच्या विल्सन कॉलेजात गेले. १९०६ साली ते अमेरिकेला गेले आणि तिथल्या कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी समाजशास्त्र व राज्यशास्त्र या अंगाने अभ्यास केला. भारतातील जातिसंस्थेच्या इतिहासावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९०९ साली प्रसिद्ध झाला. जातीच्या प्रश्नाकडे शास्त्रीय नजरेने पाहणाऱ्या सुरुवातीच्या भारतीय अभ्यासकांत त्यांचे नाव घेतले जाते ते या ग्रंथामुळे. तिथून ते लंडनला गेले, १९११ मध्ये हिंदुत्वावरचा दुसरा ग्रंथ निघाला, आणि भारतात परतल्यावर काही काळ त्यांनी कलकत्ता विद्यापीठात अध्यापन केले.

एवढं शिकलेल्या माणसाला त्या काळात चांगली नोकरी सहज मिळाली असती. केतकरांनी मात्र मराठीत ज्ञानकोश काढायचं ठरवलं. इंग्रजी येणाऱ्याला ब्रिटानिका उघडून हवा तो विषय पाहता येत होता. मराठी वाचकाला तशी सोय नव्हती. माहिती होती, पण ती पोथ्यांत, बखरींत, सरकारी गॅझेटियरांत, मासिकांच्या जुन्या अंकांत विखुरलेली. कुठे पाहायचं हेच ठाऊक नसेल तर ती असून नसल्यासारखी.

आपल्या जिल्ह्याला हे काम परकं नाही, बरं का. राहुरी तालुक्यातल्या ताहराबादच्या महिपतींनी अठराव्या शतकात हेच केलं. ठिकठिकाणच्या संतांच्या कथा त्यांनी जमवल्या आणि १७६२ मध्ये भक्तविजय पूर्ण केला. एखाद्या संताची कथा हवी असेल तर आजही मंडळी आधी महिपतींकडे वळतात, कारण ती तिथं एका जागी मिळते. केतकरांना मात्र हे एका विषयापुरतं करायचं नव्हतं, जगातल्या सगळ्या विषयांसाठी करायचं होतं.

१९१५-१६ च्या सुमारास नागपुरात ज्ञानकोश मंडळ ही मर्यादित कंपनी उभी राहिली. एकट्या राजाश्रयावर न विसंबता भागीदार आणि वर्गणीदार मिळवायचे, त्यांच्या पैशावर खंड छापायचे, अशी योजना होती. एवढा मोठा विद्वान वर्गणीदार जमवण्यासाठी गावोगाव फिरत होता. पुढे कचेरी पुण्याला आली. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांच्यासारखे सहकारी इथेच तयार झाले. याच मंडळींनी नंतर महाराष्ट्र शब्दकोशाचं मोठं काम हाती घेतलं.

महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे एकूण २३ खंड निघाले. पहिले पाच प्रस्तावना खंड आहेत आणि ते विषयवार आहेत : हिंदुस्थान आणि जग, वेदविद्या, बुद्धपूर्व जग, बुद्धोत्तर जग आणि विज्ञानेतिहास. त्यानंतरच्या खंडांत अकारविल्हे, म्हणजे वर्णानुक्रमे, नोंदी आहेत. माझं स्वतःचं मत असं की हे पहिले पाच खंड सलग वाचणाऱ्यासाठी आहेत, पटकन शोधणाऱ्यासाठी नाहीत. एखाद्याला फक्त एका राजाची किंवा एका ग्रंथाची माहिती हवी असेल तर तो पाच जाड खंड चाळत बसणार नाही. म्हणूनच शेवटी निघालेल्या सूची खंडाला फार महत्त्व आहे. त्याकडे मुलांचं सोडा, आपलंही लक्ष जात नाही.

सूची म्हणजे काय? ग्रंथात पान आधी येतं आणि पानावर शब्द असतात. सूचीत हे उलटं होतं. शब्द आधी, आणि तो कोणत्या पानावर आहे ते पुढे. सर्च इंजिनही अगदी हेच करतं. त्याचा प्रोग्राम एका पानावरून दुव्यामागून दुवा धरत दुसऱ्या पानावर जातो, तिथला मजकूर वाचतो आणि प्रत्येक शब्दापुढे पानांची यादी तयार करून ठेवतो. आपण शोधायला काही टाकलं की ते आयत्या वेळी सगळं जग धुंडाळत नाही, आधीच केलेली ही सूची उघडतं. मग कोणतं पान वर दाखवायचं हे ठरवताना शीर्षकात तो शब्द आहे का, मजकूर खरंच त्या विषयाचा आहे का, इतर पानांनी त्याच्याकडे बोट दाखवलंय का, अशा गोष्टी पाहतं. पाचवीच्या मुलांना हे समजवायचं तर पाठ्यपुस्तकातल्या एका धड्याची सूची वहीत करायला सांगा. एका तासात कळतं, आणि शब्द निवडताना मुलं जी भांडतात ती ऐकण्यासारखी असतात!

खरी अडचण शब्द निवडण्यातच आहे. कोश करणाऱ्याला प्रत्येक नोंदीपाशी विचार करावा लागतो की वाचक कोणतं नाव घेऊन येईल. ज्ञानेश्वर म्हणून येईल की ज्ञानदेव म्हणून? चौंडीला जन्मलेल्या आपल्या अहिल्याबाईंना अ मध्ये ठेवायचं की होळकर म्हणून ह मध्ये? शिवाय जुन्या पुस्तकांत त्यांचं नाव अहल्याबाई असंही छापलेलं आढळतं. दोन्ही ठिकाणी पूर्ण लेख छापला तर कागद वाया जातो, म्हणून एका ठिकाणी लेख आणि दुसऱ्या ठिकाणी ‘पाहा’ म्हणून नुसता निर्देश, ही कोशांची जुनी रीत आहे. वेबसाइटवर हेच काम दुवा करतो.

आपल्या जिल्ह्यात तर हा प्रश्न दारातच उभा आहे. अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. २०२४ पासून सरकारी कागदावर नवं नाव आलं, पण त्याआधीचे सगळे ग्रंथ, गॅझेटियर, परिपत्रकं जुन्या नावाने आहेत. केतकरांच्या काळातल्या खंडांत नवं नाव कुठून असणार! त्यामुळे जिल्ह्याची जुनी माहिती काढायची तर जुनं नावही टाकावं लागतं. बोलताना आपण नुसतं ‘नगर’ म्हणतो, नगरला चाललो, नगरहून आलो. माणसाला ते कळतं, पण यंत्रापुढे नगर म्हणजे कोणतंही नगर, एखादी वसाहतसुद्धा. श्रीगोंद्याचं जुन्या कागदांतलं नाव चांभारगोंदा. नेवासा कुणी नेवासे लिहितं, जुन्या पद्धतीने नेवासें असंही दिसतं, आणि रोमन लिपीत तर व साठी कुणी व्ही घालतं, कुणी डब्ल्यू. शाळेच्या पानावर पूर्ण नाव, गाव, तालुका आणि जिल्ह्याची दोन्ही नावं एकदा नीट वाक्यात लिहिली की निम्मं काम होतं. एकदाच, बरं का. तेच नाव वीस वेळा लिहिलं की पान वर येतं असा एक समज आहे. आताची सर्च इंजिनं ती लबाडी ओळखतात आणि असं पान उलट खाली ढकलतात.

वर्णक्रमाचीही एक गंमत आहे. आपल्या शाळेतल्या तक्त्यात क्ष आणि ज्ञ शेवटी येतात. संगणकाच्या युनिकोडमध्ये मात्र ज्ञ हे वेगळं अक्षर नाही. ज, हलन्त आणि ञ मिळून ते बनतं. म्हणून मुलांची नावं संगणकावर क्रमाने लावली की ज्ञानेश्वर शेवटी न जाता ज च्या मुलांमध्ये जाऊन बसतो. हजेरीपटात हे बहुतेकांनी पाहिलं असेल.

आता पुन्हा केतकरांकडे. त्यांच्या घरची गोष्टही मोठी आहे. लंडनमध्ये त्यांची ओळख ईडिथ कोहन या ज्यू तरुणीशी झाली. १९२० मध्ये ती भारतात आली, हिंदू धर्म स्वीकारून तिने केतकरांशी विवाह केला आणि ती शीलवती केतकर झाली. विंटरनिट्झ यांच्या भारतीय वाङ्मयाच्या इतिहासाचं जर्मनमधून इंग्रजीत भाषांतर करणाऱ्या त्या याच शीलवतीबाई. ज्ञानकोशाच्या धकाधकीत हा संसार चालला होता आणि पैशाची ओढाताण कायमची होती.

१९३१ मध्ये हैदराबादच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं. त्याआधीच्या दशकात ज्ञानकोश पूर्ण झाला होता. असलं काम एका माणसाने मनावर घेऊन तडीस नेल्याची उदाहरणं आपल्याकडे फार थोडी आहेत. त्यांनी गुजरातीतही ज्ञानकोश काढायचा प्रयत्न केला, पण तो पूर्ण झाला नाही. प्राचीन महाराष्ट्रावर ग्रंथ लिहिला, ब्राह्मणकन्या, परागंदा, गोंडवनातील प्रियंवदा अशा कादंबऱ्या लिहिल्या. त्या कादंबऱ्यांची भाषा रुक्ष आहे अशी तक्रार तेव्हाही होती आणि ती खोटी नाही. पण त्यातले प्रश्न त्या काळाच्या पुढचे होते. अखेरची वर्षं आर्थिक तंगीत आणि मधुमेहाच्या आजारात गेली. १० एप्रिल १९३७ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. वय अवघं ५३.

पुढे कितीतरी वर्षं ज्ञानकोशाचे खंड जुन्या ग्रंथालयांच्या कपाटांत राहिले. तालुक्याच्या ठिकाणी पूर्ण संच मिळणं कठीणच. मग मुंबईच्या यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानने हा ज्ञानकोश वेबसाइटवर आणला, आणि तोही नुसते पानांचे फोटो न टाकता मजकुराच्या रूपात. हा फरक आपण शिक्षकांनी नीट समजून घ्यायला हवा. पानाचा फोटो डोळ्यांना वाचता येतो, पण सूची करणाऱ्या यंत्राला त्यातला मजकूर मिळेलच याचा भरवसा नाही. आपण हाताने लिहिलेल्या स्वाध्यायाचा मोबाइलवर फोटो काढून चढवतो, तेव्हा नेमकं हेच होतं. टाइप केलेलं असलं तरी ते जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असेल तर पडद्यावर मराठी दिसतं आणि आत निराळीच इंग्रजी अक्षरं असतात. एखाद्या मुलाने मराठीत शोधलं तर ते पान त्याच्यासमोर येणार कसं? अशा जुन्या फाइली युनिकोडमध्ये बदलून घेता येतात. फोटो टाकावाच लागला तर त्याखाली दोन ओळी लिहाव्यात आणि चित्राला पर्यायी मजकूर द्यावा. फाइलचं नाव ‘नवीन ३ अंतिम’ असं ठेवण्यापेक्षा इयत्ता, विषय आणि धड्याचं नाव ठेवावं. शीर्षकात ‘आमचा उपक्रम’ असं मोघम न लिहिता, पालक जे शब्द टाकून शोधतील ते लिहावेत.

ज्ञानकोश वेबसाइटवर वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ चे. केतकरांचा मजकूर त्याच्या कितीतरी आधीचा, म्हणून ‘नाहीं’, ‘त्यांत’, ‘केलें’ असे अनुस्वार जागोजागी दिसतात. आजच्या पद्धतीने शब्द टाकून काही मिळालं नाही तर लगेच माहितीच नाही असं समजू नका. अनुस्वार देऊन पाहा, ऱ्हस्वाचं दीर्घ करून पाहा, गावाचं जुनं नाव टाकून पाहा. सातवी-आठवीच्या मुलांना गटात बसवून आपापल्या तालुक्यातल्या पाच गावांची अशी वेगवेगळी रूपं काढायला सांगितली तर छान उपक्रम होतो. घरातल्या आजी-आजोबांना विचारायला लावा. सातबाऱ्यावर एक नाव, एसटीच्या पाटीवर दुसरं आणि बोलण्यात तिसरंच निघतं.