विटाळाला घाबरणारी बाई थेट प्लेगच्या कॅम्पात गेली, लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट

कुर्डुवाडीला उतरायचं आणि पुढे पंढरपूर गाठायचं, हे आपल्या सोलापूर जिल्ह्यात कुणाला सांगावं लागत नाही. पण १८९५ साली या रस्त्यावर रेल्वे नव्हती. बार्शी लाइट रेल्वे पंढरपूरला पोचली १९०६ मध्ये. त्याआधी कुर्डुवाडीच्या स्टेशनाला बार्शी रोड म्हणायचे आणि तिथून पुढचा प्रवास बैलगाडीनं व्हायचा.

त्याच काळात पंढरपुरात बहिणीच्या आधारानं एक पंचविशीतली बाई राहत होती. नवरा जिवंत होता, पण तिच्यासाठी असून नसल्यासारखा. कारण तो ख्रिस्ती झाला होता.

ती बाई म्हणजे ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचं नाव मनकर्णिका गोखले. १८५७ च्या धामधुमीत त्यांच्या आईच्या वडिलांना इंग्रजांनी फाशी दिलं. त्या धक्क्यानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या डोक्यात सोवळ्याओवळ्यानं घर केलं. घरात येणारी प्रत्येक गोष्ट धुऊन घ्यायची, कुणाचा स्पर्श होऊ द्यायचा नाही. मुलगी वाढली ती या भीतीतच.

अकराव्या वर्षी लग्न झालं ते नारायण वामन टिळकांशी. माणूस कवी आणि एका जागी न टिकणारा. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका युरोपियन सहप्रवाशानं त्यांना बायबलचा नवा करार दिला. त्यातलं येशूचं डोंगरावरचं प्रवचन टिळकांच्या मनात रुतून बसलं. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

इकडे लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. पदरात लहानगा दत्तू. नवऱ्याकडे जावं तर जात जाणार, न जावं तर संसार जाणार. ही ताटातूट काही वर्षं चालली. शेवटी त्या अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, टिळकांकडे गेल्या. नवऱ्यावरच्या मायेपोटी गेल्या, धर्म मात्र सोडला नव्हता. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. टिळकांनीही जबरदस्ती केली नाही.

मग लक्ष्मीबाई बदलल्या कशा?

राहुरीला असताना त्यांना एका प्रश्नानं पछाडलं. जाती देवानं केल्या की माणसानं? देवानं केल्या असत्या तर प्राण्यांमध्ये दिसतो तसा फरक माणसांच्या शरीरातही दिसला असता. तो तर कुठंच दिसत नाही. म्हणजे हे माणसाचंच काम. एवढं पटल्यावर त्यांनी ठरवलं, कुणाच्याही हातचं खायचं. लहानपणापासूनची भीती तिथं सुटली. ख्रिस्तावरचा विश्वास त्यानंतर हळूहळू रुजला आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

खरी परीक्षा पुढे होती. १८९६ ला मुंबईत आलेला प्लेग राज्यभर पसरत होता. अँटिबायोटिक तेव्हा नव्हती. घरात उंदीर मेलेला दिसला की लोक घर सोडून गावाबाहेर झोपड्या बांधायचे. सख्ख्या माणसाजवळ जायलाही माणसं घाबरायची. नगरच्या मिशन शाळेतल्या मुलींना प्लेगनं गाठलं, तेव्हा त्यांची शुश्रूषा करायला लक्ष्मीबाई पुढे झाल्या. ज्या पोरींच्या स्पर्शानं कधीकाळी त्यांना आंघोळ करावी लागली असती, त्यांच्याच उशाशी त्या बसल्या. या वेळी तर स्पर्शानं खरंच जीव जाऊ शकत होता.

लक्ष्मीबाईंची श्रद्धा अशी होती. देव आपला बाप आहे, तर ही पोरं आपलीच, इतका साधा हिशोब. टिळकांच्या घरात अनाथ मुलंही याच हिशोबानं वाढली.

९ मे १९१९ ला टिळक गेले. येशूच्या जीवनावरचं त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अर्धवट राहिलं होतं. शाळेचं तोंडही न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी त्यातला मोठा भाग लिहून काढला. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ मध्ये आला. २४ फेब्रुवारी १९३६ ला त्या गेल्या.

‘स्मृतिचित्रे’त त्यांनी आपल्या सोवळ्याची आणि भित्रेपणाची मनमुराद थट्टा केली आहे. वारीच्या निमित्तानं पंढरपूरला जाणं झालं, तर पुस्तक पिशवीत टाका. त्यातली बरीच पानं त्याच गावात घडली आहेत.