काचेची फुले

काच हातातून निसटली की तिचे तुकडे होतात, हे तुम्हांला ठाऊकच आहे. याच काचेतून फुलांच्या नाजूक पाकळ्या आणि बारीक केसर घडवणाऱ्या एका कारागिराची ही ओळख आहे. त्यांचे नाव लिओपोल्ड ब्लाश्का.

त्यांचा जन्म १८२२ साली बोहेमियात झाला. हा प्रदेश आज चेक प्रजासत्ताकात आहे. काचकाम हा त्यांच्या घराण्याचा पिढीजात व्यवसाय होता. १८५० साली त्यांची पत्नी कॉलऱ्याने वारली आणि दोन वर्षांनी वडीलही गेले. दुःखी मनाने १८५३ साली ते अमेरिकेला निघाले. वाटेत वारा पडला आणि जहाज दोन आठवडे एकाच जागी थांबले. तेव्हा लिओपोल्ड पाण्यातले जेलीफिश पाहत बसत आणि त्यांची चित्रे काढत. हे जीव त्यांना काचेसारखेच पारदर्शक दिसले.

परत आल्यावर त्यांनी दुसरा विवाह केला. १८६३ साली ते जर्मनीतील ड्रेस्डेन शहरात राहायला गेले. समुद्रातील मऊ जीव बाटलीत ठेवले की त्यांचा रंग आणि आकार टिकत नसे. म्हणून संग्रहालये लिओपोल्ड यांच्याकडून काचेचे जीव करून घेऊ लागली. पुढे मुलगा रुडॉल्फ त्यांच्या हाताखाली आला.

त्यांचा मोठा कारखाना नव्हता. ते घरीच काम करत. लाकडी मेज, दिवा, पायाने चालवायचा भाता आणि चिमटे एवढीच त्यांची साधने. दिव्याच्या ज्योतीत काच मऊ करून ते तिला आकार देत आणि तापलेले भाग एकमेकांना जोडत. त्यांच्याजवळ गुप्त यंत्र असावे, असे लोकांना वाटे. खरे तर त्यांच्याजवळ होती ती सरावलेली बोटे आणि बारीक नजर.

१८८६ साली अमेरिकेच्या हार्वर्ड विद्यापीठातील प्राध्यापक गुडेल त्यांच्या घरी आले. वनस्पतिशास्त्र शिकवण्यासाठी त्यांना काचेची फुले हवी होती. पाठवलेले नमुने न्यूयॉर्कच्या जकात तपासणीत मोडले. पण त्या तुकड्यांतही कारागिरी दिसत होती. १८९० पासून पितापुत्र फक्त हार्वर्डसाठीच काम करू लागले.

१८९५ साली लिओपोल्ड वारले. त्या वेळी रुडॉल्फ वनस्पतींच्या अभ्यासासाठी अमेरिकेत होते. घरी परतल्यावर त्यांनी एकट्याने काम पुढे नेले. रंगीत काचेची पूड तापवून ती फुलांवर वितळवण्याची पद्धतही त्यांनी वापरली. १९३६ पर्यंत सुमारे ४,३०० नमुने तयार झाले. हा संग्रह हार्वर्डमध्ये जपलेला आहे.

रुडॉल्फ १९३९ साली वारले. त्यांना मूलबाळ नव्हते, शिष्यही नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली कला त्या घरात तेथेच थांबली.

मित्रांनो, तुमच्या घरातही कोणाला शिवणकाम, विणकाम किंवा सुतारकाम येत असेल. त्यांच्याजवळ बसा आणि शिकून घ्या. फूल काचेचे असले तरी जपता येते. हातातली कला मात्र शिकणारा असेल तरच टिकते.